शेतकरी कुटुंबासाठी सुतारकामाची हत्यारे : निवड, वापर व निगा

मृगाचा पाऊस झाला, जमिनीस वाफसा आला, तिफणीस बैल जुंपले आणि ऐन वेळी जुवाची शिवळ मोडली, हा प्रसंग धाराशिव जिल्ह्यातील शेतकऱ्यास नवा नाही. शिवळ म्हणजे हातभर लाकडाची खुंटी. ती तासून तयार करण्यास जाणत्या हातास अर्धा तासही पुरतो. परंतु घरात करवत नाही, लाकडाचा सुका तुकडा नाही, आणि सुतार परगावी कामावर गेलेला. अशा वेळी अर्ध्या तासाच्या कामापायी अख्खा दिवस वाया जातो. या अवर्षणप्रवण जिल्ह्यात वाफसा फार दिवस वाट पाहत नाही. सोयाबीनच्या पिकात पेरणीनंतरचा पहिला महिना-दीड महिना तणाच्या दृष्टीने नाजूक असतो. पंधरा-वीस दिवसांनी पहिली कोळपणी करावयाची आणि नेमका कोळप्याचा दांडा मोडावा, पुढे पावसाची झड लागावी, म्हणजे तणाचे फावते आणि नुकसान पिकाचे होते.

पूर्वी ही अडचण गावातच भागत असे. सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक. नांगर, तिफण, कुळव, कोळपे, बैलगाडी यांची घडण आणि वर्षभराची दुरुस्ती त्याने करावी व सुगीच्या वेळी त्यास धान्याच्या रूपाने बलुते मिळावे, अशी ही व्यवस्था होती. ती आता मोडली आहे. नांगरटीची कामे ट्रॅक्टरकडे गेली, अवजारे लोखंडाची झाली, आणि अनेक सुतार कुटुंबे शहरातील घरबांधणी व फर्निचरच्या कामाकडे वळली. तथापि शेतकऱ्याच्या घरातील लाकूड काही संपलेले नाही. कुदळी-कुऱ्हाडीचे दांडे, खुरप्याच्या मुठी, जू व शिवळा, गोठ्याची दारे, घराच्या चौकटी, बाज, फळ्या, पेट्या ही सर्व लाकडाचीच असतात व त्यांची मोडतोड चालूच राहते. ही किरकोळ दुरुस्ती घरच्या घरी करता यावी, यासाठी प्रत्येक शेतकरी कुटुंबाजवळ मोजकी परंतु चांगली हत्यारे असणे इष्ट आहे.

आधी काम, मग हत्यार

नवशिक्याची पहिली चूक म्हणजे पेटीभर हत्यारे एकदम खरेदी करणे. बाजारात प्लॅस्टिकच्या पेटीत चाळीस-पन्नास नग असलेले संच मिळतात. पेटी उघडली म्हणजे मन प्रसन्न होते. परंतु त्यांतील पुष्कळसे नग एकाच पेचकसाची निरनिराळी टोके असतात, पटाशीचे पोलाद मऊ असते आणि करवत बाभळीच्या दांड्यात दोन बोटे शिरताच वाकते. अशा हत्याराने काम बिघडते. नवशिक्यास मात्र वाटते की आपल्या हाती कसबच नाही. वस्तुतः दोष हत्याराचा असतो.

याउलट रीत अशी की, खरेदीस निघण्यापूर्वी घरात व शेतात गेल्या वर्षभरात लाकडाचे कोणकोणते काम अडले, याची यादी करावी. बहुतेक घरांत ती यादी अशीच निघेल : चार दांडे बसवणे, गोठ्याच्या दाराची बिजागरी सुटली ती लावणे, पावसाळ्यात घासणारे दार, बाजेचा हललेला पाय, भिंतीवर एखादी फळी. या सर्व कामांस मिळून सात-आठ हत्यारे पुरतात. तेवढीच प्रथम घ्यावीत. पण जी घ्यावीत ती जन्मभर टिकतील अशी पारखून घ्यावीत. पुढचे हत्यार, त्याच्यावाचून दोनदा काम अडल्यावर घ्यावे. या क्रमाने जाणाऱ्याच्या घरात गंज खात पडलेले हत्यार सहसा सापडत नाही.

पहिल्या टप्प्याची हत्यारे

टेप व गुण्या. लाकूडकामातील निम्म्या चुका मापाच्या असतात. तीन मीटरचा पोलादी टेप पुरेसा आहे. त्यावर सेंटिमीटर व इंच या दोन्ही खुणा असाव्यात. कारण देशात मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला असला तरी लाकडाच्या वखारीत व सुताराच्या बोलण्यात आजही इंच आणि सूत चालते. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत सुमारे तीन मिलिमीटर, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे घोटाळा होत नाही.

गुण्या म्हणजे काटकोन पाहण्याचे साधन. सहा इंची पोलादी पात्याचा गुण्या घ्यावा आणि दुकानातच त्याची परीक्षा करावी. एका सरळ कडेच्या फळीवर गुण्या लावून बारीक पेन्सिलीने रेघ ओढावी. मग गुण्या उलटा करून त्याच कडेस, त्याच बिंदूपासून दुसरी रेघ ओढावी. दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या तर गुण्या खरा. त्या फाकल्या तर गुण्या खोटा. आणि दिसणारी फाक ही प्रत्यक्ष चुकीच्या दुप्पट असते. खोट्या गुण्याने केलेली चौकट कितीही मेहनतीने ठोकली तरी काटकोनात येत नाही.

करवत. अठरा ते वीस इंच लांबीची, दर इंचास सात-आठ दाते असलेली हातकरवत सर्वसाधारण कामास योग्य होय. लाकूड आडवे कापणे व रेषांच्या दिशेने उभे चिरणे ही दोन निराळी कामे आहेत. आडव्या कापणीच्या करवतीचे दाते चाकूच्या टोकासारखे, तर उभ्या चिरणीचे पटाशीच्या तोंडासारखे व मोठे असतात. घरगुती कामात आडवी कापणी अधिक, म्हणून पहिली करवत त्या कामाची असावी. जाड लाकूड चिरण्याचे काम सॉ मिलकडे सोपवावे.

करवत घेताना पाते डोळ्यासमोर धरून कडेवरून नजर टाकावी. ते सरळ दिसले पाहिजे. हलकेच वाकवून सोडल्यास ते पुन्हा सरळ झाले पाहिजे. दाते एकाआड एक डाव्या-उजव्या बाजूस किंचित व सारखे वळलेले असावेत. या वळणामुळे चीर पात्यापेक्षा थोडी रुंद पडते व करवत अडकत नाही. हल्ली काही करवतींच्या दात्यांची टोके निळसर-काळी दिसतात. ती विशेष कठीण केलेली असतात. त्यांची धार पुष्कळ दिवस टिकते, परंतु एकदा गेली म्हणजे कानशीने पुन्हा लावता येत नाही. जी करवत तिकोनी कानशीने पुन्हा धारदार करता येते, तीच शेतकऱ्यास दीर्घकाळ परवडते.

पटाशी. अर्धा इंच व एक इंच रुंदीच्या दोन पटाश्या आरंभास पुरेत. खाच पाडणे, कड साफ करणे, बिजागरी बसेल एवढे लाकूड काढणे ही कामे त्यांनी होतात. मुठीच्या वरच्या टोकास लोखंडी कडे असल्यास ठोक्याने मूठ फुटत नाही. बाभळीसारख्या कठीण लाकडात खोल चौकोनी भोक पाडावयाचे असल्यास जाड पात्याचे किकरे लागते; परंतु ते नंतर घ्यावे. पटाशीने डबा उघडणे, खिळा उपटणे किंवा स्क्रू फिरवणे या घरोघरी चालणाऱ्या गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात.

हातोडी. सुमारे ४५० ग्रॅम वजनाची, मागील बाजूस खिळे उपटण्याचा चिमटा असलेली हातोडी घ्यावी. फार जड हातोडीने खिळा वाकतो व मनगट थकते. लोखंडी हातोडी पटाशीच्या मुठीवर मारू नये. त्यासाठी लाकडी हातोडा असावा आणि तो विकत न घेता स्वतः करावा. त्याची रीत पुढे दिली आहे.

पेचकस व पक्कड. चपट्या व फुलीच्या तोंडाचे असे दोन पेचकस घ्यावेत. पेचकसाचे तोंड स्क्रूच्या खाचेत गच्च बसले पाहिजे. सैल बसल्यास खाच खराब होते व स्क्रू ना आत जातो ना बाहेर येतो. पक्कड व अवजारांच्या बोल्टांचे पाने बहुतेक शेतकऱ्यांकडे असतातच.

धारेचा दगड. एका बाजूस जाड व दुसऱ्या बाजूस बारीक कणांचा, सपाट, सुमारे आठ इंच लांबीचा दगड हत्यारांबरोबरच घ्यावा. तो पुढे कधी घेऊ म्हणून सोडल्यास पहिल्या आठवड्यातच पटाशी बोथट होऊन पडते. नवी पटाशी दुकानातून पूर्ण धार लावलेली येत नाही, ही गोष्टही नवशिक्यास ठाऊक नसते.

दुसऱ्या टप्प्याची हत्यारे

पहिल्या हत्यारांवर हात बसला व त्यांची धार स्वतः लावता येऊ लागली, म्हणजे पुढील हत्यारांचा विचार करावा.

लाकडास भोक पाडण्यासाठी सुतार पूर्वी दोरीच्या धनुकलीने फिरणारा सामता वापरीत. मोठ्या भोकासाठी गिरमिट वापरतात. आज विजेचे ड्रिल यंत्र सर्वत्र मिळते आणि नवशिक्याने विजेचे एकच यंत्र घ्यावयाचे ठरवल्यास ते हेच असावे. त्याबरोबर ३, ५, ६, ८ व १० मिलिमीटरची टोके पुरतात. शेतावर वीज नसल्यास हाताने फिरवावयाचे ड्रिल किंवा गिरमिट उपयोगी पडते. कठीण लाकडात स्क्रू बसवण्यापूर्वी स्क्रूच्या मधल्या दांडीएवढे भोक आधी पाडावे. तसे न केल्यास बाभूळ फुटते किंवा स्क्रू तुटतो.

रंधा हे मोहात पाडणारे हत्यार आहे. लाकडावरून निघणारी लांब सलग साल पाहून प्रत्येकास तो हवासा वाटतो. परंतु धार लावण्याची सवय नसलेल्या हातात रंधा लाकूड गुळगुळीत करण्याऐवजी ओरबाडतो. म्हणून तो पटाशीनंतर घ्यावा. सुमारे चौदा इंच लांबीचा व दोन इंच पात्याचा लोखंडी रंधा सर्व कामास चालतो. त्याचा तळ सपाट आहे किंवा नाही हे सरळ पट्टी लावून पाहावे. लोखंडी रंध्याचे अंग बिडाचे असेल तर तो फरशीवर पडल्यास तडकतो, हे ध्यानात ठेवावे.

शेगडा किंवा निदान दोन क्लॅम्प अवश्य घ्यावेत. परंपरागत सुतार जमिनीवर बसून पायाने लाकूड दाबून धरतो व वाकसाने तासतो. त्यामागे लहानपणापासूनचा सराव असतो. नवशिक्याने त्याचे अनुकरण केल्यास पायास इजा होण्याचा धोका आहे. त्याने लाकूड शेगड्यात किंवा क्लॅम्पने मजबूत फळीवर आवळून मगच काम करावे. वाकस हे दांडे व शिवळा तासण्यास उत्तम हत्यार आहे. परंतु ते जाणत्या सुताराजवळ बसून शिकल्यावरच हाती घ्यावे. तोपर्यंत लाकडाच्या जाड दातांच्या अर्धगोल कानशीने दांड्यास आकार देणे अधिक सुरक्षित होय.

जुनी हत्यारे मिळत असल्यास ती तुच्छ मानू नयेत. ज्या घरातील सुतारकी थांबली आहे अशा घरांत चांगल्या पोलादाच्या पटाश्या व किकरी असतात. वरचा गंज घासून निघतो. मात्र पात्याची सपाट बाजू खोल खड्डे पडलेली असेल, किंवा धारेजवळ पोलाद निळे पडलेले असेल, तर असे पाते घेऊ नये. निळा रंग म्हणजे पाते सहाणेच्या यंत्रावर तापून त्याचे पाणी उतरल्याची खूण आहे. अशा पात्यावर धार टिकत नाही.

धार व निगा

बोथट हत्यार धारदार हत्यारापेक्षा अधिक धोक्याचे असते. कारण त्यास जोर अधिक लावावा लागतो आणि जोर लावलेले हत्यार निसटले म्हणजे हातावर येते. म्हणून धार लावणे हा कामाचाच भाग समजावा.

पटाशीचा उतार साधारणतः २५ अंशांचा असतो. धार लावताना दगडावर थोडे पाणी किंवा पातळ तेल टाकून पटाशी किंचित उभी, म्हणजे सुमारे ३० अंशांवर धरावी व कोन न बदलता पुढे-मागे घासावी. काही वेळाने सपाट बाजूस बोट हळूच धारेकडून बाहेर फिरवल्यास बारीक खरखरीत कड लागते. ती लागली म्हणजे पटाशी पालथी करून सपाट बाजू दगडास पूर्ण टेकवून एक-दोनदा ओढावी. कड निघून जाते. सपाट बाजू कधीही उचलून घासू नये. धारेची परीक्षा अंगठ्यावर न घेता मऊ लाकडाच्या कापलेल्या टोकावर घ्यावी. पटाशी तेथून लाकूड न चुरडता स्वच्छ काप काढील तर धार लागली.

जिल्ह्याची हवा वर्षातील बराच काळ कोरडी असली तरी पावसाळ्याच्या चार महिन्यांत हत्यारे गंजतात. काम झाल्यावर ती कोरड्या फडक्याने पुसून यंत्राच्या तेलाचा हात फिरवून ठेवावीत. गोडे तेल लावू नये. ते काही दिवसांनी चिकट होते. हत्यारे खताच्या पोत्यांच्या खोलीत ठेवण्याची चूक शेतकऱ्याच्या घरी सर्रास होते. रासायनिक खते हवेतील ओल ओढतात व त्यांच्या सान्निध्यात लोखंड फार लवकर गंजते. हत्यारांस घरातच, मुलांच्या हाती न लागेल अशी उंच जागा द्यावी.

लाकडाची ओळख

हत्यार कितीही उत्तम असले तरी लाकूड ओले किंवा अयोग्य असेल तर काम टिकत नाही. या भागात शेताच्या बांधावर सहज मिळणारे लाकूड बाभळीचे. ते कठीण व चिवट असल्याने अवजारे व दांडे यांस उत्कृष्ट होय. त्याचा आतला तांबूस-तपकिरी गाभा टिकाऊ असतो. बाहेरचा पांढरट भाग किडीस लवकर बळी पडतो, म्हणून तो तासून टाकावा. बाभूळ पूर्ण वाळल्यावर फार कठीण होते. यास्तव ओबडधोबड आकार ओलेपणी देऊन ठेवावा व अखेरची घडण वाळल्यावर करावी. कडुनिंबास कीड कमी लागते व ते दारे-फळ्यांस चालते. आंब्याचे लाकूड मऊ असल्याने शिकण्यास सोयीचे. परंतु ओल व कीड यांपुढे ते टिकत नाही. साग सर्वांत भरवशाचा. पण जिल्ह्यात वनक्षेत्र अत्यल्प असल्याने तो वखारीतून विकत घ्यावा लागतो.

लाकूड सावलीत, जमिनीपासून उंच, प्रत्येक दोन फळ्यांमध्ये बारीक काठ्या घालून रचावे. टोकांकडून ओल झपाट्याने निघून जाते व तेथे लाकूड तडकते. म्हणून टोकांस शेण किंवा रंग फासावा. एक इंच जाडीस साधारण एक वर्ष, हा लाकूड वाळवण्याचा जुना ठोकताळा आहे. कोरड्या हवेत काहीसे लवकर वाळते. दरवर्षी दोन-तीन सरळ फांद्या अशा रीतीने माळ्यावर टाकून ठेवणाऱ्यास दांड्यासाठी धावाधाव करावी लागत नाही. साग, आंबा, चिंच, मोह इत्यादी झाडे स्वतःच्या शेतातील असली तरी १९६४ च्या वृक्षतोडविषयक कायद्यानुसार ती तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते.

लाकूड योग्य असले व कोरडे राहिले तर ते किती टिकते, याचा दाखला जिल्ह्यातच आहे. प्राचीन तगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तेर येथील उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट शतकानुशतके टिकून राहिली आहे.

हात बसवण्यासाठी पहिली कामे

पहिले काम लाकडी हातोड्याचे. वाळलेल्या बाभळीचा सुमारे पाच इंच लांब व तीन इंच जाड ठोकळा कापावा. त्यात मधोमध आरपार भोक पाडावे व फूटभर लांबीचा दांडा त्यात गच्च बसवावा. दांड्याच्या वरच्या टोकास चीर देऊन त्यात कठीण लाकडाची पाचर ठोकावी. एवढ्या कामात मोजणे, आखणे, कापणे, भोक पाडणे व पाचर मारणे या पाचही क्रिया येतात. बिघडले तरी जळणाशिवाय काही वाया जात नाही.

दुसरे काम दांड्याचे. दांड्यासाठी ज्या लाकडाच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग धावतात तेच निवडावे. मध्येच तिरप्या बाहेर पडणाऱ्या रेषा किंवा गाठ असलेला दांडा तेथेच मोडतो. दांडा पूर्ण वाळलेला असावा. ओला दांडा बसवला तर तो वाळताना आकसतो व कुऱ्हाड सैल होते. अशा वेळी कुदळ किंवा कुऱ्हाड पाण्यात बुडवून ठेवण्याची प्रथा घरोघरी आहे. पाण्याने लाकूड फुगते व त्या दिवसापुरते घट्ट बसते. परंतु लोखंडाच्या भोकात कोंडलेले लाकूड फुगताना स्वतःच दबले जाते व वाळल्यावर पूर्वीपेक्षा अधिक सैल होते. सैल कुऱ्हाडीचे पाते निसटून शेजारच्या माणसास लागणे हा गंभीर अपघात होय. त्यावर उपाय पाण्याचा नसून पाचरीचा, किंवा नव्या वाळलेल्या दांड्याचा आहे.

तिसरे काम घासणाऱ्या दाराचे. आषाढात दार चौकटीत अडकू लागले की लगेच कड तासण्याचा मोह होतो. लाकूड हवेतील ओल शोषून रुंदीकडे फुगते. लांबीकडे ते जवळजवळ फुगत नाही. पावसाळ्यात तासलेले दार उन्हाळ्यात आकसते व फट पडते. म्हणून प्रथम बिजागरीचे स्क्रू ढिले झाले आहेत काय ते पाहावे. पुष्कळदा दार फुगलेले नसून खाली झुकलेले असते. ढिल्या स्क्रूच्या भोकात लाकडाची बारीक काडी ठोकून स्क्रू पुन्हा आवळल्यास काम भागते. तेवढ्याने न भागल्यास घासणाऱ्या जागी पेन्सिलीने खूण करून ठेवावी, आणि पाऊस उघडून दार वाळल्यावरही ते घासत असेल तरच तेवढी कड तासावी.

सांध्याचे महत्त्व व सुताराचे काम

लाकूडकामाची ताकद खिळ्यात नसून सांध्यात असते. एका लाकडात चौकोनी भोक व दुसऱ्याच्या टोकास त्यात नेमके बसणारे कूस, हा सांधा नीट बसला तर खिळ्यावाचूनही पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. याचे महत्त्व या जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. उमरगा व लोहारा भागातील सास्तूरसारख्या गावांची अपरिमित हानी झाली. मातीत रचलेल्या दगडी जाड भिंती व माळवदाचा मातीचा प्रचंड भार हे त्या हानीचे प्रमुख कारण होते. परंतु ज्या घरांत माळवदाचा भार भिंतींवर न टाकता खांब व तुळ्यांच्या लाकडी खणांवर पेलला होता, अशा काही घरांच्या भिंती ढासळल्या तरी लाकडी सांगाडे उभे राहिले. ते त्यांच्या सांध्यांच्या बळावर उभे राहिले.

यातून घरच्या सुतारकामाची मर्यादाही स्पष्ट होते. दांडा, फळी, पेटी, बाज, बिजागरी ही कामे शेतकऱ्याने स्वतः करावीत. परंतु छताचा भार वाहणारा खांब, तुळई किंवा त्यांचा सांधा कुजला, वाळवीने पोखरला किंवा सरकला असेल, तर तेथे नवशिक्याने करवत लावू नये. वरून पट्टी ठोकून तो दोष झाकूही नये. खांबाचे बूड जमिनीजवळ ओल येऊन कुजते. वर्षातून एकदा तेथे पेचकस टोचून पाहावा. तो सहज आत शिरल्यास जाणत्या सुतारास व आवश्यक तर अभियंत्यास बोलवावे.

घरात हत्यारे आली म्हणजे सुताराची गरज संपली, असा समज होऊ देऊ नये. उलट, किरकोळ काम घरी झाल्याने सुतारास त्याच्या कसबाच्या कामासाठी बोलवता येते, व त्याचा योग्य मोबदलाही देता येतो. करवतीचे दाते लावणे, वाकस चालवणे, लाकूड पारखणे या गोष्टी त्याच्याकडूनच शिकाव्यात. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांमध्ये सुतारकामाचा समावेश आहे. तीत प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य व सवलतीच्या व्याजाने कर्ज यांची तरतूद आहे. ही योजना हा व्यवसाय करणाऱ्या कारागिरांसाठी आहे. गावच्या सुतारापर्यंत ही माहिती पोहोचवणे गावाच्याच हिताचे ठरेल. ज्या शेतकरी कुटुंबातील तरुणास या कामाची गोडी लागेल, त्याने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील सुतारकामाच्या अभ्यासक्रमाची चौकशी करावी.

अपघात टाळण्यासाठी

पटाशी चालवताना दोन्ही हात धारेच्या मागे असावेत. लाकूड एका हाती धरून दुसऱ्या हाताने पटाशी रेटू नये. जुन्या घराचे लाकूड कापण्यापूर्वी त्यातील खिळे शोधून काढावेत. ठोकताना व भोक पाडताना डोळ्यांवर चष्मा असावा. विजेचे यंत्र ओल्या जमिनीवर उभे राहून, अनवाणी किंवा तुटक्या वायरीने चालवू नये. जोडणीस अर्थिंग असल्याची खात्री करावी. लोखंड घासण्याच्या ग्राइंडरला लाकूड कापण्याची दातेरी चकती लावण्याची पद्धत हल्ली दिसून येते. ती अत्यंत घातक आहे. लाकडात चकती अडकताच यंत्र हातातून उसळते व त्याने बोटे किंवा मांडी कापली जाते. असे काम करवतीनेच करावे.

सारांश

टेप, गुण्या, करवत, दोन पटाश्या, हातोडी, दोन पेचकस, पक्कड व धारेचा दगड एवढ्या सामग्रीने आरंभ करावा. ती पारखून घ्यावी, धारदार ठेवावी व कोरड्या जागी ठेवावी. माळ्यावर दोन-चार वाळलेले दांडे आणि तयार शिवळांची एक जोडी नेहमी असू द्यावी. ही तयारी उन्हाळ्याच्या मोकळ्या दिवसांत करून ठेवणाऱ्या शेतकऱ्याची तिफण मृगाच्या वाफशावर शिवळीवाचून उभी राहणार नाही.